हॉगनबाईंची वीस मिनिटं

आमच्या त्या चित्रपटात शिक्षिका कोण होती असं कुणालाही विचारा, लगेच मिस फॅरंटचं नाव सांगतील. घेरदार झग्यात ती काय दिसते, राजाला कशी ठणकावते, सोन्याच्या दरबारात कशी गाते! गाते म्हणजे ओठ हलवते. गळा दुसऱ्याच एका बाईचा होता, आणि तिचं नाव पडद्यावर कुठे आलं नाही. आमच्या धंद्यात हे चालायचंच. मिस फॅरंटबद्दल माझी काही तक्रार नाही, पोरगी कामाला पक्की होती. पण त्या सेटवर खरीखुरी शिक्षिका एकच होती, आणि ती कॅमेऱ्याच्या मागे, कॅनव्हासच्या आडोशाला, सामानाच्या खोक्यावर बसायची. तिचं नाव ओपल हॉगन. आम्ही सगळे तिला हॉगनबाई म्हणायचो.

मी व्हर्ना टॉलिव्हर. माझ्या कामाला स्टुडिओत 'स्क्रिप्ट गर्ल' म्हणतात. १९५५ साली ही गर्ल एकावन्न वर्षांची होती आणि तिचे गुडघे दुखत होते. काम काय, तर कॅमेऱ्याशेजारी वही घेऊन बसायचं आणि डोळ्यांत तेल घालून बघायचं. राजाने पेला उजव्या हातात धरला होता की डाव्या, मेणबत्ती कुठवर जळली होती, कोण कुठल्या शब्दावर वळलं, सगळं टिपायचं. नट वाक्य विसरला तर ते हळूच पुरवायचं, हेही माझ्याचकडे.

चित्रपट होता पूर्वेकडच्या कुठल्याशा राजाचा. आपल्या पोरांना शिकवायला तो सातासमुद्रापलीकडून एक मास्तरीणबाई बोलावतो, आणि मग भांडणं, नाच, गाणी. राजाची पोरं अकरा. अकरा पोरं म्हणजे अकरा आया, आणि कायद्याने रोज तीन तास शाळा. कॅलिफोर्नियात लहान पोरांना कॅमेऱ्यासमोर उभं करायचं तर सेटवर सरकारमान्य शिक्षिका लागते. शाळा तुकड्यातुकड्यांनी घेतली तरी चालते, पण एक तुकडा वीस मिनिटांहून लहान असेल तर तो धरत नाहीत. शिक्षिकेने "पुरे" म्हटलं की पोर उठलं, मग समोर राजा शेवटचा श्वास घेत का असेना.

हॉगनबाई साठीच्या, डकोटातल्या शेतकऱ्याच्या लेक. पायांत पुरुषी बूट, गळ्यात दोरीने बांधलेलं स्वयंपाकघरातलं टिकटिक घड्याळ. दर खेपेला ते वीस मिनिटांवर पिळायच्या, आणि ते वाजेपर्यंत पोरांच्या वाटेला कुणी जायचं नाही. आमचे दिग्दर्शक केस्नरसाहेब नाकावर माशी बसू न देणारे. त्यांची आणि बाईंची रोज जुंपायची.

"बाई, पोरं द्या आता. दिवे लागलेत."

"बारा मिनिटं झालीत. आठ राहिली."

"अहो, आठ मिनिटांत असं कुठलं शहाणपण शिकणार आहेत ती?"

"तेच बघायचंय मला. तोवर तुम्ही तो खांब सरळ करून घ्या. मघापासून डुलतोय."

खांब खरंच डुलत होता. सुतार धावला, आणि केस्नरसाहेब आठ मिनिटं येरझारा घालत राहिले. खरं सांगते, सुरुवातीला मलाही ही बाई आडमुठी वाटायची.

अकरा पोरांत सर्वांत धाकटी राजकन्या म्हणजे लिगाया डुमलाओ. वय आठ. बाप फिलिपिनो, आई मेक्सिकन. बाप पिकांमागे फिरायचा, कधी स्टॉकटनला कांदे, कधी डिलानोला द्राक्षं, आणि बिऱ्हाड त्याच्यामागे. मामाच्या आग्रहावरून आई हिला घेऊन निवडीला आली आणि पोरीने केस्नरसाहेबांना गार केलं. एकदा ऐकलेलं वाक्य ती घडाघडा परत म्हणायची, तेही हावभावांसकट. तिची आई कॉन्सुएलो कोपऱ्यातल्या खुर्चीवर क्रोशाची सुई घेऊन बसायची. कुणी काही विचारलं की घाईने "हो, हो" म्हणायची.

चित्रपटातला सर्वांत मोठा प्रसंग लिगायाचाच होता. परदेशी वकील, म्हणजे दुसऱ्या देशांचे दूत, दरबारात येतात आणि राजाच्या माणसांना रानटी समजून हसतात. राजा धाकट्या लेकीच्या हातात पुस्तक देतो आणि म्हणतो, "वाच." ती वाचते: दूरच्या देशातही आया आपल्या लेकरांना अशाच हाका मारतात. वकिलांचे चेहरे पडतात, मास्तरीणबाईचे डोळे भरतात, आणि गाणं सुरू होतं.

एका सोमवारी आम्ही तो प्रसंग कॅमेरा लांब ठेवून घेतला. लिगाया एका दमात, शब्दही न चुकता बोलली. सेटवर टाळ्या पडल्या. मी मात्र वहीत काही लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळेना. पोरीने पुस्तक धरलं होतं, मान खाली घातली होती, तोंडून वाक्यं येत होती, आणि डोळे पानाच्या मधोमध एकाच जागी खिळले होते. वाचणाऱ्याचे डोळे सरकतात. हिचे सरकत नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला जवळ बोलावलं आणि उद्याच्या कामाचा कागद पुढे धरला. "बघ गं, उद्या तुला कितीला बोलावलंय?"

तिने कागद बघितला, मग माझं तोंड बघितलं. "तुम्हीच सांगा ना. तुमचा आवाज छान आहे."

अशी लबाड! तिचा टमाले, मक्याच्या पिठाचा तो मेक्सिकन खाऊ, तिच्या हातात देऊन मी तडक हॉगनबाईंना गाठलं. "बाई, त्या लहानीला वाचता येत नाही."

"तिसऱ्या दिवशीच कळलं मला," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सात आठवडे लागले. एवढ्या बारकाईने बघणाऱ्या तुम्ही."

मग त्यांनी मला खोक्यावर बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. दोन वर्षांत चार शाळा. प्रत्येक ठिकाणी मागचा बाक. पोरगी गोड, आणि कान असा की शाळेतल्या बाईंनी एकदा धडा वाचला की हिचा पाठ. कुणाला संशयच आला नाही. सेटवर आल्यापासून हॉगनबाई तिला अक्षरांपासून शिकवत होत्या, इतर पोरांना कळू न देता. अक्षरं झाली होती, लहान शब्द झाले होते. पण अडचण निराळीच होती.

"ती वाचतेय की आठवतेय, हे माझं मलाच कळत नाही," बाई म्हणाल्या. "ऐकलेलं पान देते, तर बोलून दाखवते. नवं पान द्यावं, तर घाबरून दातखीळ बसते."

"घाई काय आहे? शिकेल सावकाश."

"पुढच्या शुक्रवारी तिचा कामाचा परवाना संपतोय. नवा करायचा तर माझा कागद लागतो. वाचन येतं की नाही, तेवढं लिहायचं. 'नाही' लिहिलं की परवाना नाही."

परवाना नाही म्हणजे काम नाही. तोच प्रसंग कॅमेरा जवळ आणून घ्यायचा अजून बाकी होता. तो दुसऱ्या कुठल्या पोरीला देतील आणि लिगाया बापामागे स्टॉकटनला जाईल. तिथे पाचवी शाळा आणि तोच मागचा बाक. ज्या खोक्याशेजारी तिला पहिल्यांदा कुणी धड शिकवत होतं, तेच तिला सोडावं लागणार होतं.

त्या दिवसापासून मी हॉगनबाईंना बघू लागले, आणि सांगते, इतकी वर्षं मोठमोठ्या नट्या जवळून बघितल्या, पण असं काम बघितलं नव्हतं. दहा पोरं एका बाजूला गणितं करताहेत, बाई त्यांच्या चुका न वळता, आवाजावरून पकडताहेत, आणि मांडीला टेकून लिगाया. पुस्तक त्यांनी बाजूलाच ठेवलं, कारण पुस्तक दिसलं की पोरगी आकसायची. त्या तिला सेटभर फिरवायच्या आणि प्रत्येक ठिकाणी गुडघ्यावर बसून दाखवायच्या. खोक्यांवरची नावं, दिव्यांवरच्या खुणा, धूम्रपानबंदीची पाटी, आग विझवायच्या नळाखालची सूचना.

"हे काय लिहिलंय?"

"राजाचं सिंहासन."

"तुला सिंहासन दिसतंय म्हणून म्हणतेस. अक्षरं काय म्हणतात?"

पोरगी बोट ठेवायची, ओठ मुडपायची. "हा... हात... लावू नये."

"बघ. सिंहासनाचं नावसुद्धा नाही तिथे. डोळे मिटून अंदाज करायचा नाही आणि आठवून बोलायचं नाही. समोर लिहिलंय तेच बोलायचं, मग कुणी काहीही म्हणो."

हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकलं. त्या कंटाळल्या नाहीत, त्यांनी आवाज चढवला नाही. एकदा मिस फॅरंट आपला तो भलामोठा झगा सावरत बाजूला येऊन उभी राहिली आणि बराच वेळ बघत होती. मग मला हळूच म्हणाली, "व्हर्ना, मी गुडघ्यावर बसून शिकवायला हवं होतं गं. मी सगळा चित्रपट उभ्याने केला." मला तिचं फार कौतुक वाटलं. असं कबूल करायला मोठं मन लागतं.

बघता बघता गुरुवार आला. मी बाईंना म्हटलं, "उद्याच्या कागदावर 'येतं' लिहून टाका. झाकली मूठ सव्वा लाखाची. तपासायला कोण येतंय?"

"कुणी नाही."

"मग?"

"म्हणूनच लिहिणार नाही. आधीच्या चौघींनी तेच केलं, व्हर्ना. चार शाळा, चार कागद, सगळ्यांवर 'समाधानकारक'. पोरगी गोड आहे, ढकला पुढे. मी पाचवी होऊ?"

"आणि स्टॉकटनला कांद्याच्या रानात तिला शिकवायला तुम्ही जाणार आहात का?"

त्या गळ्यातल्या घड्याळाची दोरी नीट करत बसल्या. माझं डोकं फिरलं. "तुम्हाला मन आहे की नुसती फूटपट्टी?" असं बोलून मी पाय आपटत निघून गेले. बोललेलं परत घेता येत नाही. आजही आठवलं की मला लाज वाटते.

शुक्रवारी सकाळी बाईंनी एक कोरंकरकरीत पुस्तक आणलं, कुणी न उघडलेलं. लिगायाला शेजारी बसवलं. मी लांबून बघत होते. पोरीने बोट ठेवलं, तोंड उघडलं, मिटलं, बाईंकडे बघितलं, मग आईकडे. डोळ्यांत पाणी. वीस मिनिटं संपली, घड्याळ वाजलं. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला कपडे करायला पाठवलं. मग पर्समधून कागद काढला आणि शाईने लिहिलं: वाचन येत नाही. कागद घडी करून पर्समध्ये गेला. पाच वाजता तो टपालात पडणार होता.

तीन वाजता जवळचा शॉट. लिगाया सोन्याच्या मुकुटात, कॅमेरा तिच्या खांद्याशी, राजाच्या वेषातले मिस्टर ऑर्लोव्ह सिंहासनावर, वकील ओळीने उभे. पुस्तकाचा सोनेरी मुलामा हाताला लागायचा, म्हणून तालमीत साधी वही वापरली होती. दिवे लागल्यावर सामानवाल्या गस पेल्कीने खरं पुस्तक आणून तिच्या हातांत ठेवलं. हॉगनबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

राजा म्हणाला, "वाच."

लिगायाने पुस्तक उघडलं, खाली बघितलं, आणि थांबली.

एक क्षण गेला, दोन गेले. सेटवर सगळ्यांना वाटलं, पोरगी वाक्य विसरली. मलाही तेच वाटलं. ते पुरवणं माझं काम. "दूरच्या देशातही" एवढं ओठांवर आलं होतं, तोच मागून माझा दंड कुणीतरी घट्ट धरला. हॉगनबाईंच्या बोटांत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. माझं तोंड उघडंच राहिलं.

लिगायाचं बोट पानावर आलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"खु... खुडूक," ती म्हणाली. "खुडूक कोंबडीखाली... ते... तेरा अंडी ठेवावीत."

कुणी हललं नाही. कॅमेरा चालू होता. केस्नरसाहेबांचा हात अर्धवट वर गेला होता आणि तिथेच राहिला. मिस्टर ऑर्लोव्ह पुढे वाकले. त्या माणसाला आम्ही सगळे गर्विष्ठ म्हणायचो, पण त्या वेळी त्यांनी भुवईसुद्धा हलवली नाही. राजाच्याच आवाजात म्हणाले, "पुढे वाच."

"जास्त ठेवली तर सगळ्यांना... ऊब... पु... पुरत नाही." दमून तिने श्वास घेतला. "थंडीत अकरा पुरे. कोंबडीला... दाणा आणि पाणी... जवळ ठेवावं. तिला... सारखं... उठवू नये."

पानाच्या तळाशी तिचं बोट थांबलं. एका वकिलाच्या नाकातून फुस्स आवाज आला आणि मग सगळा दरबार फुटला. पहारेकरी, दासी, वरच्या फळ्यांवरचे दिवेवाले, सगळे पोट धरून हसत होते. गस पेल्की तोंड लपवायला जागा शोधत होता. त्याचं तरी काय चुकलं? पानावर छापील अक्षरं दिसायला हवीत, असा निरोप त्याला आदल्या संध्याकाळी मिळाला. त्याने सासऱ्याचं कोंबड्या पाळायचं जुनं पुस्तक फाडून पानं डकवली. आमच्याकडे किटलीत चहा नसतो, तलवारीला धार नसते. पुस्तक कुणी वाचेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"कट!" केस्नरसाहेब ओरडले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "हिला पुस्तकातलं वाचायला कुणी सांगितलं?"

"मी," हॉगनबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण हसणं थांबलं. केस्नरसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचं भानही नव्हतं. साहेबांना काय कळलं कोण जाणे. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "दहा मिनिटं सुट्टी. गस, पानं बदल."

बाईंनी पर्स उघडली, कागद काढला, माझ्या वहीवर टेकवला. 'येत नाही' मधला 'नाही' आडव्या रेघेने खोडला. 'येत'च्या डोक्यावर टिंब दिलं. शेजारी तारीख घातली आणि मला म्हणाल्या, "सही करा. साक्षीदार लागतो."

मी सही केली. "काल मी जे बोलले ना, बाई..."

"फूटपट्टी मला लागतेच," त्या म्हणाल्या. "सही वाचता येईल अशी करा."

तेवढ्यात कॉन्सुएलो आली. क्रोशाचं काम खुर्चीवर टाकून, लिगायाचा हात धरून, जवळजवळ धावतच. एवढे लोक का हसले, हे तिला कळलं नव्हतं. पोरीने काम बिघडवलं एवढंच तिला समजलं होतं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाई, माफ करा," ती म्हणाली. "मी करून घेतलं होतं हो तिच्याकडून. भाचा मला वाचून दाखवतो, मी ध्यानात ठेवते, मग बसमध्ये तिच्याकडून म्हणून घेते. आज सकाळीसुद्धा येत होतं तिला. तिला काढू नका."

"आई, मी विसरले नव्हते," लिगाया मुसमुसत म्हणाली. "पण तिथे दुसरंच लिहिलं होतं."

हॉगनबाई आपल्या त्या बुटांवर खाली बसल्या, तिच्या उंचीला आल्या, आणि तिचा मुकुट नीट केला. "तुझं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. मग वर बघून, "कॉन्सुएलो, तुमच्या मुलीने वाचलं."

"काय वाचलं?"

"कोंबडीखाली तेरा अंडी ठेवावीत."

कॉन्सुएलोने लेकीकडे बघितलं. मग बाईंकडे, मग माझ्याकडे, जणू आमच्यातलं कुणीतरी तिला फसवतंय. तिने ओठ हलवून ते शब्द मनाशी म्हणून बघितले.

"हे तर," ती सावकाश म्हणाली, "मी तिला शिकवलं नव्हतं."

आणि ती तिथेच, राजाच्या पायरीवर, मटकन खाली बसली.